रिकामी खुर्ची आणि लर्लीन वॉलेस

एकाच व्यक्तीने सत्तास्थान अडवून ठेवू नये म्हणून कारकिर्दीवर मर्यादा घातली, की रिकाम्या होणाऱ्या जागी स्त्रियांना आपोआप वाव मिळेल, असे मानले जाते. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर लर्लीन वॉलेस यांचे जीवन या समजुतीची कसोटी घेणारे आहे.

१९२६ साली सामान्य कुटुंबात जन्मलेल्या लर्लीन टस्कालूसा येथील एका दुकानात विक्रेतीचे काम करीत. १९४३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांचा जॉर्ज वॉलेस यांच्याशी विवाह झाला. वंशविभक्ततेचे कडवे पुरस्कर्ते जॉर्ज १९६३ मध्ये गव्हर्नर झाले. राज्याच्या १९०१ च्या घटनेनुसार गव्हर्नरला लागोपाठ दुसरी कारकीर्द मिळत नसे. हे कलम बदलण्याचा त्यांचा प्रयत्न १९६५ मध्ये राज्याच्या सेनेटने हाणून पाडला. तेव्हा त्यांनी पत्नीलाच उमेदवार केले.

लर्लीन यांना कर्करोगाने ग्रासले होते. त्याची पहिली शंका १९६१ मध्येच डॉक्टरांनी पतीच्या कानावर घातली होती. पत्नीपासून मात्र ती दडविण्यात आली. जानेवारी १९६६ मधील शस्त्रक्रियेनंतर थोड्याच अवधीत त्या प्रचारात उतरल्या. पक्षांतर्गत निवडणुकीत दोन माजी गव्हर्नरांसह सर्व प्रतिस्पर्ध्यांना त्यांनी पहिल्याच फेरीत मागे टाकले आणि नोव्हेंबरमध्ये प्रचंड बहुमताने विजय मिळविला. कारभार पतीच पाहणार, हे मतदारांपासून लपविलेले नव्हते. वंशविषयक धोरणही पतीचेच पुढे चालले.

तथापि त्या सर्वस्वी नामधारी राहिल्या नाहीत. १९६७ मध्ये राज्याच्या मनोरुग्णालयातील दैन्यावस्था स्वतः पाहून त्यांनी अशा संस्थांसाठी वाढीव निधी मिळविला. स्वतंत्र कर्तृत्वाची ती चुणूक होती. परंतु काळाने सवड दिली नाही. ७ मे १९६८ रोजी, एक्केचाळिसाव्या वर्षी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी घटनादुरुस्ती होऊन लागोपाठ दुसऱ्या कारकिर्दीस मान्यता मिळाली. जॉर्ज १९७० व १९७४ मध्ये पुन्हा निवडून आले. पत्नीच्या उमेदवारीची गरज उरली नव्हती. अलाबामात दुसरी महिला गव्हर्नर आली ती थेट २०१७ मध्ये.

कायद्याने खुर्ची रिकामी करता येते. उमेदवारी वाटणाऱ्यांची मक्तेदारी त्याने मोडत नाही. ती अबाधित असेल, तर स्त्रीच्या वाट्याला सत्ता येत नाही. सत्तेची राखण तेवढी येते.