जॉन न्यूटन ह्यांची उक्ती आणि कृती

न्यूटन हे नाव उच्चारताच आमच्या विद्यार्थिमित्रांच्या डोळ्यांपुढे झाडावरून पडणारे सफरचंद येईल. परंतु आज ज्यांचे चरित्र आम्ही सांगणार आहो ते न्यूटन निराळे. त्यांचे एक गीत जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत गायिले जाते. 'अमेझिंग ग्रेस' ह्या इंग्रजी नावाने ते आमच्या बऱ्याच वाचकांच्या कानांवरून गेले असेल. गीत मोठे गोड आहे. त्यामागील आयुष्य मात्र तितकेसे गोड नाही, आणि म्हणूनच ते मुलांपुढे व त्यांच्या आईबापांपुढेही ठेवावे असे आम्हांस वाटले.

जॉन न्यूटनचा जन्म लंडन शहरी सन 1725 मध्ये झाला. बाप व्यापारी जहाजाचा कप्तान. त्याचा बहुतेक काळ समुद्रावर जाई. आई भाविक होती. तिने ह्या मुलास जवळ बसवून शास्त्रवचने, प्रश्नोत्तरे व लहान लहान गीते पाठ करविली. तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच ती क्षयाने वारली. अकराव्या वर्षी बापाने त्यास जहाजावर नेले, आणि हळूहळू आईची शिकवण मागे पडून खलाशांची भाषा त्याच्या जिभेवर बसली.

1744 साली आरमाराच्या लोकांनी त्यास बळजबरीने धरून एका लढाऊ जहाजावर चढविले. तरुणांस असे पकडून नेण्याची तेव्हा तिकडे वहिवाटच होती. तेथून तो पळाला, पकडला गेला, आणि सर्वांसमक्ष फटके खाऊन साधा खलाशी झाला. पुढे तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांच्या एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या चाकरीस राहिला. तेथे तापाने अंथरूण धरले असता त्याचे इतके हाल झाले की, रात्री शेतात जाऊन कच्ची मुळे उपटून खाण्याची त्याजवर पाळी आली. ह्या दिवसांतील दोन गोष्टी आम्हांस विशेष सांगाव्याशा वाटतात. त्याच्याजवळ युक्लिडच्या भूमितीचे एक पुस्तक उरले होते. ते घेऊन तो समुद्रकाठी जाई आणि काठीने वाळूत आकृत्या काढून सिद्धांत सोडवी. (कंपास हरवला म्हणून भूमितीचा अभ्यास राहिला, अशी सबब सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) दुसरी गोष्ट अशी की, साखळदंडांत जखडलेले गुलाम आपल्या मूठभर अन्नातून घास काढून, कोणास न कळत, त्यास आणून देत. त्या घासांचे स्मरण त्यास पुढे कितपत राहिले ते आता पाहावयाचे आहे.

त्याची जीभ ह्या सुमारास फारच विटाळली होती. देवाच्या नावाने शिव्याशाप देताना तो नवे नवे शब्द बनवी. ज्या कप्तानाने त्यास त्या किनाऱ्यावरून सोडवून 'ग्रेहाउंड' जहाजावर घेतले, त्याचा जन्म खलाशांत गेलेला. पण त्यासही ते ऐकवेना. मग 1748 च्या मार्च महिन्यात, आजच्या पंचांगाप्रमाणे 21 तारखेस, अटलांटिक महासागरात भयंकर तुफान होऊन जहाजाची एक बाजू फुटली. आत मेण व लाकूड असा हलका माल होता म्हणून ते कसेबसे तरले. न्यूटन पहाटे तीनपासून दुपारपर्यंत पंपावर राबत होता. त्या गर्दीत कप्तानाशी बोलताना त्याच्या तोंडून सहज निघून गेले की, एवढ्यानेही भागले नाही तर आता प्रभूनेच दया करावी. शब्द निघाले मात्र, आणि तो स्वतःच दचकला. ज्याच्या नावाची आपण इतकी वर्षे थट्टा केली त्याची दया आपणांस कशी मिळावी, ह्या विचाराने त्यास घेरले. दुपारी एकपासून मध्यरात्रीपर्यंत सुकाणू धरून उभा असता आईने पढविलेली वचने एकेक करून त्यास आठवू लागली. सुमारे चार आठवड्यांनी जहाज आयर्लंडच्या किनाऱ्यास लागले. तो दिवस न्यूटनने पुढे जन्मभर पाळला.

रविवारच्या शाळेत ही कथा बहुधा येथेच संपविण्यात येते. आम्हांस तसे करणे योग्य वाटत नाही.

शिव्याशाप त्या दिवसापासून सुटले, हे खरे. परंतु 1750 ते 1754 ह्या काळात हाच न्यूटन गुलामांच्या जहाजाचा कप्तान होऊन तीन सफरींवर गेला. आफ्रिकेतील स्त्रीपुरुष व मुले विकत घ्यावी, महासागरापलीकडे नेऊन विकावी, हा त्याचा धंदा. दर रविवारी तो खलाशांस जमवून दोन वेळा उपासना चालवी. वर प्रार्थना चाले आणि खाली तळघरात माणसे दोघादोघांच्या बेड्यांत पडलेली असत. 1752 च्या डिसेंबरात बंडाचा संशय आला तेव्हा त्याने काही मुलांकडून कबुली घेण्यासाठी त्यांचे अंगठे लोखंडी पेचात आवळविले, आणि तसे आपल्या रोजनिशीत शांतपणे नमूद केले. मग तो ढोंगी होता काय? आमच्या मते नव्हता. त्या काळी इंग्लंडात देवळात जाणारे मातबर लोक ह्या व्यापारात पैसा गुंतवीत व तो सभ्य गणला जाई. बेड्याकुलपांचे हे काम नकोसे होऊन दुसरे मिळावे अशी प्रार्थना तो करी. पण हा अन्याय आहे अशी शंका आपणांस कधी आली नाही, असे त्यानेच 1764 मध्ये छापलेल्या आत्मवृत्तात सांगितले आहे. समुद्र सोडला तोही विवेकबुद्धीच्या टोचणीने नव्हे. 1754 साली त्यास एकाएकी झटका आला, म्हणून सोडावा लागला.

पुढे लिव्हरपूल बंदरात जकातीच्या नोकरीवर असताना त्याने स्वतःच्या बळावर ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास केला. 1764 साली दीक्षा होऊन ते ओल्नी ह्या लहानशा गावी धर्मोपदेशक झाले. गावातील बरीचशी माणसे लेस विणून पोट भरणारी, गरीब. त्यांच्या प्रार्थनासभेसाठी न्यूटनसाहेब व त्यांचे मित्र कवी कूपर गीते रचीत. 1779 मध्ये निघालेल्या त्या संग्रहात 348 गीते असून पैकी सुमारे 280 न्यूटनसाहेबांची आहेत. ते प्रसिद्ध गीत तुफानात, जहाजावरच रचले, असे कोणी कोणी सांगतात. ते खरे नाही. ते 1773 च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी होते, आणि आज आपण ऐकतो ती चाल तर त्यास 1835 मध्ये अमेरिकेत लाभली.

1780 मध्ये ते लंडनच्या सेंट मेरी वूलनॉथ मंदिरात आले. त्यांच्या हाताखाली घडलेल्या तरुणांपैकी क्लॉडियस ब्युकॅनन हे 1797 साली बंगाल्यात आले व फोर्ट विल्यम कॉलेजचे उपप्रमुख झाले. ह्याच कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवीत, व त्यांचे मराठी व्याकरण 1805 साली छापून निघाले. तेव्हा आपल्या भाषेशीही ह्या कथेचे दूरचे नाते आहे.

1785 च्या डिसेंबरात पार्लमेंटचे 26 वर्षांचे सभासद विल्यम विल्बरफोर्स गुप्तपणे त्यांच्या दारी आले. लहानपणी चुलतीकडे राहत असता त्यांनी न्यूटनसाहेबांस ऐकले होते. आता मन देवाकडे वळले होते. राजकारण सोडावे की काय, ह्या विवंचनेत ते होते. न्यूटनसाहेबांनी त्यांस पार्लमेंटातच राहून प्रभूची सेवा करण्याचा सल्ला दिला. विल्बरफोर्स राहिले, आणि लौकरच त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कंबर बांधली.

आता न्यूटनसाहेबांस गप्प बसवेना. 1788 साली, शेवटच्या सफरीनंतर 34 वर्षांनी, त्यांनी ह्या व्यापारावर एक पुस्तिका छापली. आपण स्वतः ह्या कामी हात घातला होता, ह्या आठवणीने आपणांस जन्मभर लाज वाटत राहील, आणि ही कबुली फार उशिरा येत आहे, असे त्यांनी प्रारंभीच लिहिले. मग त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले सर्व सांगितले: कपाटात पुस्तके लावावी तशी माणसे कशी खेटून निजवीत, बेडीतल्या जोडीदारास वळताही कसे येत नसे, सकाळी जिवंताच्या पायाशी मेलेला कसा आढळे. तेव्हा ते लंडनात मान्य धर्मोपदेशक होते व त्यांची गीते घरोघर गायिली जात. असे लिहिल्याने नावास बट्टा लागेल, हे त्यांस ठाऊक नव्हते असे नाही. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलपुढे आणि 1790 मध्ये कॉमन्स सभेच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. हा व्यापार पाहिला नाही असे लोक त्याविरुद्ध पुष्कळ बोलत होते. ज्याने तो केला त्याची साक्ष निराळी पडली.

कायदा होण्यास आणखी 17 वर्षे लागली. 25 मार्च 1807 रोजी ब्रिटिश जहाजांचा गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा मंजूर झाला (साम्राज्यातील गुलामगिरी मोडणारा कायदा पुढे 1833 मध्ये झाला). न्यूटनसाहेबांचे वय तेव्हा 81 होते आणि दृष्टी बहुतेक गेली होती. 21 डिसेंबर 1807 रोजी त्यांनी देह ठेविला.

आपल्या स्मारकाचा मजकूर त्यांनी स्वतःच लिहून ठेविला होता. आपण पूर्वी नास्तिक व स्वैर होतो, आफ्रिकेत गुलामांचाही चाकर होतो, आणि ख्रिस्ताच्या कृपेने वाचलो, असा त्याचा आशय आहे. गुलामांचा व्यापारी होतो, हे त्या दगडावर नाही. ते 1788 च्या पुस्तिकेत आहे, आणि पार्लमेंटच्या दप्तरात त्यांच्या साक्षीबरोबर नोंदलेले आहे.