शिवनेरीचे फूल व सर बार्टल फ्रियर

दक्षिण आफ्रिकेतील रानफुलांची शास्त्रीय नावे पाहू लागले म्हणजे त्यांत माणसांचीच नावे पुष्कळ आढळतात. ‘स्टॅपेलिया’ हे व्हान स्टॅपेल नामक डच वैद्याचे नाव. ‘स्ट्रेलिट्झिया’ हे इंग्लंडच्या शार्लट राणीच्या माहेरचे. ह्या स्टॅपेलियाचा एक भाऊबंद आपल्या जुन्नरच्या डोंगरांत, शिवनेरीच्या कड्यावर उगवतो. आपल्या परिचयाची रुईही त्याच कुळातली. लोक त्यास शिंदळ माकुडी म्हणतात. वनाधिकारी डाल्झेल ह्यांनी १८६५ च्या सुमारास त्याचे नाव ‘फ्रेरिया इंडिका’ असे ठेविले, ते मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या सन्मानार्थ.

फ्रियर १८१५ साली वेल्समध्ये जन्मले व १८३४ साली मुंबईस नोकरीवर आले. ते साताऱ्यास रेसिडेंट असता छत्रपती निपुत्रिक वारले. दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करावे, असा वरिष्ठांचा बेत होता. फ्रियर ह्यांनी त्यास स्पष्ट विरोध केला. तो कोणी मानिला नाही, आणि खालसा झालेल्या मुलखाचा कारभार त्यांच्याच गळ्यात पडला. १८६२ पासून १८६७ पर्यंत ते गव्हर्नर होते. मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या त्या त्यांच्याच अमदानीत. १८७२ साली ते गुलामांचा व्यापार बंद करविण्यासाठी झांजिबारला गेले, व पुढील वर्षी तसा तह झाला.

१८७७ साली ते दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर झाले. (तेथील सुवासिक ‘फ्रीझिया’ मात्र त्यांच्या नावाची नव्हे, ती फ्रीझे नामक जर्मन वैद्याची.) झुलू राजा सेटेवायो ह्याने आपली सेना मोडावी, अशी निर्वाणीची मागणी त्यांनी १८७८ च्या डिसेंबरात केली. लंडनच्या सरकारास युद्ध नको होते. तरी १८७९ च्या जानेवारीत युद्ध पेटले. इसांडल्वाना येथे इंग्रजांचा दारुण पराभव झाला, व अखेरीस झुलूंचे राज्य बुडाले. साताऱ्याच्या गादीसाठी भांडणाऱ्या ह्या पुरुषाने झुलू राजास तोच न्याय लाविला नाही, हे त्यांचे गुण गाताना विसरता येत नाही. १८८० साली सरकारने त्यांस परत बोलाविले, आणि १८८४ साली ते वारले.

हल्ली कित्येक शास्त्रज्ञ ह्या वनस्पतीची गणना ‘बूसेरोसिया’ प्रजातीत करितात. तेथेही तिच्या नावाचा उत्तरार्ध ‘फ्रेरी’ असाच आहे. पावसाळा सरताना दुर्गम कड्यांवर तिची किरमिजी, पिवळ्या नक्षीची, पंचकोनी फुले उमलतात. त्यांस सुवास नाही. त्यांच्या दुर्गंधाने माश्या मात्र जमतात.