हेक्टिक्सची रेकॉर्ड कुठे मिळेल?

टेबललँडवर घोड्यासोबत फोटो काढून झाला, स्ट्रॉबेरी विथ क्रीम खाऊन झालं, पारसी पॉइंटवरून खालचं कृष्णेचं पाणी बघून झालं, की पाचगणी संपली असं आपल्याला वाटतं. कॉलेजच्या ग्रुपची सहल असेल तर गाडीत स्पीकरवर कुणीतरी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लावतंच. ते गाणं लिहिणारा मुलगा इथेच, या सिल्व्हर ओकच्या झाडांखाली वाढला, हे मात्र गाडीतल्या निम्म्या पब्लिकला माहीत नसतं.

त्याचं नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारच्या स्टोन टाउनमधला. घर पारशी, मूळ गुजरातेतल्या बलसाडचं, आडनाव तिथूनच आलेलं. वडील बोमी ब्रिटिश सरकारी कचेरीत कॅशियर होते. मुलाला चांगलं इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी त्याला १९५५ मध्ये बोटीने भारतात पाठवलं. वय वर्षं आठ. मुंबईला उतरायचं, पुणे गाठायचं, मग वाई आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये हॉस्टेलवर राहायचं. आपण अकरावीला पुण्यात रूम घेतो तेव्हा पहिल्या आठवड्यात घरी दहा फोन करतो. हा तिसरी-चौथीतला पोरगा समुद्रापलीकडून आलेला, आणि प्रत्येक सुट्टीत घरी जाणंही शक्य नसायचं. मग मुंबईला आजी आणि मावशीकडे जायचं.

मुलगा लाजरा होता. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरांनी ‘बकी’ म्हणून चिडवायला सुरुवात केली. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही हसताना हात किंवा वरचा ओठ दातांवर ओढून घ्यायची सवय त्याला राहिली. पैसा आल्यावरही त्याने ते दात काढले नाहीत, आवाज बदलेल ही भीती होती. ‘फ्रेडी’ हे नावही त्याला पाचगणीतच मिळालं.

बॉक्सिंग, धावणं, टेबल टेनिस सगळं तो खेळला. टेबल टेनिसमध्ये तर शाळेत त्याला तोड नव्हती. पण खरा रमला तो पियानोवर. रेडिओवर ऐकलेलं गाणं तो लगेच जाऊन जसंच्या तसं वाजवायचा. हे लक्षात आल्यावर हेडमास्तरांनी घरी पत्र लिहून त्याला संगीताची जादा शिकवणी लावायला सुचवलं. पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा त्याने पास केल्या.

आणि मग १९५८ च्या सुमारास निघाला ‘द हेक्टिक्स’. पाच जण होते: ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फरांग इराणी, व्हिक्टरी राणा आणि फ्रेडी. गाणारा फ्रेडी नव्हता बरं का. पुढे उभा राहून गायचा ब्रूस. फ्रेडी मागे पियानोवर, मधूनमधून सूर मिळवायला. बास गिटार घ्यायला पैसे कुठले? फरांगकडे चहाच्या लाकडी खोक्याला काठी आणि दोरी बांधून केलेला बास होता. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, एल्व्हिस यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची, पांढरे शर्ट, बारीक टाय आणि केसांना चापूनचोपून तेल. शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या मुली ऐकायला यायच्या आणि किंचाळायच्या, हे बक्षीस काही कमी नव्हतं.

रॉकच्या इतिहासात अशा बँडना नंतर एक नाव मिळालं, गॅरेज रॉक. साठच्या दशकात अमेरिकेतली शाळा-कॉलेजची पोरं बापाच्या गॅरेजमध्ये तीन कॉर्डवर धिंगाणा घालायची, खिशातले पैसे जमवून पंचेचाळीस आरपीएमची एखादी छोटी तबकडी काढायची आणि बँड मोडायचा. १९७२ मध्ये लेनी केने त्यातली निवडक गाणी ‘नगेट्स’ नावाच्या डबल एलपीवर एकत्र केली, तेव्हापासून ही विसरलेली गाणी पुन्हा पुन्हा विनाइलवर निघतायत. आपल्याकडेही १९७० आणि ७१ मध्ये ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडच्या एलपी निघाल्या होत्या, त्याही परदेशात रिइश्यू झाल्या. पाचगणीत मात्र ना गॅरेज होतं ना स्टुडिओ. हेक्टिक्सची रेकॉर्ड कधी निघालीच नाही.

शेवटच्या काळात अभ्यास घसरला आणि १९६३ मध्ये फ्रेडी झांझिबारला परतला. वर्षभरही नीट गेलं नाही. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले, आणि बलसारा कुटुंब सामान बांधून इंग्लंडला पळालं. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टममध्ये छोटं घर. सतराव्या वर्षी हा मुलगा तिसऱ्यांदा नव्या मुलखात शून्यापासून सुरुवात करत होता. आपण पाचगणीत शिकलो, आपण पारशी, हे त्याने पुढे फारसं कुणाला सांगितलं नाही, मुलाखतीत विषय निघाला तर बगल द्यायचा. काहींना यात आपली मुळं नाकारणं दिसतं. मला त्या काळच्या इंग्लंडमधलं आशियाई मुलांचं जगणं आठवतं आणि मी इतका कठोर होऊ शकत नाही.

ईलिंगच्या आर्ट कॉलेजमधून १९६९ मध्ये त्याने ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला. विमानतळावर सामान उचललं, केन्सिंग्टन मार्केटमध्ये मित्र रॉजर टेलरसोबत जुन्या कपड्यांचा स्टॉल चालवला. त्याच वर्षी ‘आयबेक्स’ नावाच्या लिव्हरपूलच्या बँडमध्ये घुसला, तोच पुढे ‘रेकेज’ झाला. आता मात्र तो पुढे उभा होता. स्टेजवर माइकचा स्टँड मधोमध तुटला आणि अर्धी दांडी घेऊनच त्याने गाणं पुरं केलं, ती दांडी पुढे त्याची ओळख झाली, असा किस्सा सांगतात. या दिवसांतल्या टेप २००० मध्ये ‘द सोलो कलेक्शन’ या संचात आल्या. आवाज खरखरीत आहे, पण एकदा ऐकाच.

१९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजरच्या ‘स्माइल’ बँडचा गायक सोडून गेला आणि जागा फ्रेडीने घेतली. ‘क्वीन’ हे नाव त्याचंच, इतरांना पटलं नव्हतं. पुढच्या वर्षी जॉन डीकन बासवर आला. आडनाव मर्क्युरी करून घेतलं. चौघांच्या राशी घालून बँडचं चिन्हही त्यानेच काढलं, दोन सिंह, एक खेकडा, कन्येच्या दोन पऱ्या. डिप्लोमा वाया गेला नाही म्हणायचं.

पहिला अल्बम कसा झाला ते प्रत्येक कॉलेज बँडने वाचावं. ट्रायडंट स्टुडिओत मोठे कलाकार निघून गेल्यावर जे रिकामे तास उरत, बहुतेक रात्री-बेरात्रीचे, तेवढ्यात यांनी रेकॉर्डिंग करायचं. अल्बम जुलै १९७३ मध्ये आला आणि त्याचा साउंड बँडला कधीच आवडला नाही. एकावन्न वर्षांनी, २०२४ मध्ये, तोच अल्बम नव्याने मिक्स करून ‘क्वीन वन’ म्हणून पुन्हा विनाइलवर निघाला. ड्रम आता हवे तसे वाजतात. त्याच १९७३ मध्ये फ्रेडीने ‘लॅरी ल्युरेक्स’ या टोपणनावाने एक सिंगल गायली होती. ती सपशेल पडली. आज संग्राहक तिच्यासाठी दबा धरून असतात.

३१ ऑक्टोबर १९७५ ला ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आली. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. सात इंची तबकडीवर गाणं जितकं लांब तितक्या खाचा जवळजवळ येतात आणि आवाज बारीक होतो. शिवाय रेडिओवाले एवढं लांब गाणं लावणार नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. बँड हटला नाही. केनी एव्हरेट नावाच्या रेडिओ जॉकीने एका वीकेंडला ते चौदा वेळा वाजवलं आणि लोक दुकानांत धावले. ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिला नंबर. १९७८ मध्ये ईएमआय कंपनीला निर्यातीचा पुरस्कार मिळाला तेव्हा या गाण्याच्या फक्त २०० निळ्या तबकड्या काढल्या गेल्या, विकायला नाही, वाटायला. विनाइल जमवणाऱ्यांच्या स्वप्नात ती निळी तबकडी येते.

पुढचं सिनेमामुळे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १३ जुलै १९८५, वेम्बली, लाइव्ह एड, वीसेक मिनिटं आणि सगळं स्टेडियम त्याच्या टाळीवर. सिनेमात आजाराचं कळणं त्याआधी दाखवलंय, प्रत्यक्षात निदान नंतरचं आहे.

एड्स हा शब्द तेव्हा शिवीसारखा वापरला जायचा. समलैंगिक माणसांना झालेली शिक्षा, असंच बरेच लोक समजत. लंडनच्या पेपरवाल्यांनी त्याच्या दारात ठाण मांडलं होतं, तो खंगत चाललेला दिसत होता. तरी तो गात राहिला, उभं राहणं कठीण झालं तरी. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने निवेदन काढून आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४५. आयुष्यभर ज्या धर्माबद्दल फारसं बोलला नाही, त्याच पारशी दस्तुरांनी अंत्यसंस्कारांत प्रार्थना म्हटल्या.

त्या डिसेंबरात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची तबकडी पुन्हा काढली गेली, ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ सोबत. ती पुन्हा पहिल्या नंबरवर गेली, पाच आठवडे राहिली, आणि तिचे पैसे टेरेन्स हिगिन्स ट्रस्टकडे, एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे गेले. विनाइलच्या दुनियेत रिइश्यू म्हणजे बहुतेक वेळा नवं कव्हर, नवा रंग आणि नवी किंमत. ही एक रिइश्यू मला त्या सगळ्यांत वेगळी वाटते.

हेक्टिक्समधला डेरिक ब्रांच पुढे इंग्लंडमध्ये नट झाला. व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करात जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख होता. पाचगणीतल्या त्या पाच पोरांचा फोटो आहे. पांढरे शर्ट, टाय, तेल लावलेले केस. आवाज मात्र कुणी टेप करून ठेवला नाही.