विजेतीला क्लबचे दार बंद!

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातला कापूसपट्टा आणि आपले वऱ्हाड यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. पण दुसऱ्याच्या शेतात कापूस पिकवायचा, मालकाचा वाटा मोजून द्यायचा आणि उरलेल्यात वर्ष काढायचे, हे जिणे अकोल्याच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. अशाच एका बटईदार कृष्णवर्णीय कुटुंबात २५ ऑगस्ट १९२७ रोजी अल्थिया गिब्सनचा जन्म झाला. पुढे मंदी आली, शेती परवडेना आणि १९३० मध्ये हे कुटुंब पोट भरण्यासाठी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले.

हार्लेम म्हणजे कष्टकरी कृष्णवर्णीयांची दाट वस्ती. मुलांना खेळता यावे म्हणून तिथला १४३ वा रस्ता वाहनांना बंद ठेवला जात असे. त्या डांबरी रस्त्यावर लाकडी फळीने चेंडू मारता मारता अल्थिया वयाच्या बाराव्या वर्षी शहराची पॅडल टेनिस विजेती झाली. पोरीच्या हातात काही वेगळे आहे, हे ओळखले ते शेजाऱ्यांनी. त्यांनी १९४० मध्ये आपसांत वर्गणी गोळा केली आणि तिला कृष्णवर्णीयांच्या टेनिस क्लबात घातले. ना सरकार मदतीला आले, ना कुणी धनिक. एका जागतिक विजेतीची पायाभरणी झाली ती लोकवर्गणीतून!

पुढे डॉ. ह्युबर्ट ईटन आणि डॉ. रॉबर्ट जॉन्सन या दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी तिची जबाबदारी घेतली. मात्र त्यांनी तिला केवळ खेळायला लावले नाही. अर्धवट सुटलेली शाळा पूर्ण करायला लावली. १९४९ मध्ये ती शाळा उत्तीर्ण झाली, १९५३ मध्ये फ्लोरिडाच्या विद्यापीठातून पदवीधर झाली. शिकलेला समाजबांधव मागे वळून आपल्या पोरीला हात देतो, तेव्हा काय घडते, याचे हे उदाहरण आहे.

त्या काळी अमेरिकेत टेनिसच्या दोन संघटना होत्या. गोऱ्यांची वेगळी आणि कृष्णवर्णीयांची वेगळी. अल्थिया यांनी १९४७ पासून सलग दहा वर्षे कृष्णवर्णीयांच्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परंतु मुख्य राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना प्रवेश नव्हता. नियमात वर्णाचा उल्लेख नव्हता. अट एवढीच होती, की आधी ठराविक स्पर्धा खेळलेल्या असाव्यात आणि त्या स्पर्धा होत गोऱ्यांच्या क्लबात, निमंत्रणावर. व्यवस्था अशीच हुशार असते. ती नाही म्हणत नाही, बोलवायचे मात्र विसरते. १९५० मध्ये अॅलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीने एका टेनिस मासिकात जाहीर पत्र लिहून आपल्याच लोकांची कानउघाडणी केली, तेव्हा कुठे दार उघडले. त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडू ठरल्या आणि १९५१ मध्ये विम्बल्डनमध्येही उतरल्या.

१९५६ मध्ये त्यांनी फ्रेंच स्पर्धा जिंकली. १९५७ आणि १९५८ अशी दोन वर्षे विम्बल्डन आणि अमेरिकन स्पर्धा, दोन्ही जिंकल्या. १९५७ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हातून त्यांनी चषक स्वीकारला आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांची मिरवणूक निघाली. एकेरी-दुहेरी मिळून त्यांच्या नावावर ग्रँड स्लॅमची ११ विजेतेपदे आहेत.

पण मिरवणुकीने पोट भरत नाही. त्या काळी हौशी टेनिसमध्ये बक्षिसाची रक्कमच नव्हती. घरी ज्यांची इस्टेट आहे, त्यांनी खेळावे अशी ती रचना होती. जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू, पण हातात पैसा नाही! म्हणून अल्थिया यांनी १९५८ नंतर हौशी टेनिस सोडले. गाण्याची तबकडी काढली, चित्रपटात काम केले, बास्केटबॉलच्या खेळाआधी प्रदर्शनी सामने खेळल्या. आणि मग गोल्फकडे वळल्या.

१९६४ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, महिलांच्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्यात दाखल होणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडू ठरल्या. गोल्फ हा जमिनीचा खेळ आहे. टेनिसला एक कोर्ट पुरते, गोल्फला शंभर-दीडशे एकर हिरवळ लागते. ती ज्याच्या मालकीची, त्याचाच कायदा. १९६४ मध्येच अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला, हॉटेले आणि थिएटरे सर्वांना खुली झाली. परंतु खासगी क्लब त्या कायद्यातून वगळलेले होते. त्यामुळे विम्बल्डन दोनदा जिंकलेल्या या खेळाडूला अनेक ठिकाणी क्लबच्या इमारतीत पाऊल ठेवू दिले जात नसे. मैदानावर खेळा, पण कपडे आपल्या मोटारीत बदला! काही हॉटेलांनी खोली नाकारली.

आपल्याकडच्या पाळवणकर बाळू यांची आठवण इथे होतेच. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चर्मकार समाजातील गोलंदाजाला पुण्यात चहा मात्र मातीच्या भांड्यात, सोबत्यांपासून दूर दिला जाई. त्याने घेतलेले बळी चालत होते, त्याचा स्पर्श चालत नव्हता. देश दोन, रोग एकच.

अल्थिया गोल्फ दौऱ्यावर १९७८ पर्यंत टिकून राहिल्या. १९७० मध्ये ओहायोतील एका स्पर्धेत तिघींची बरोबरी झाली आणि निर्णायक लढतीत त्यांचे विजेतेपद हुकले. गोल्फमधली एकूण कमाई २५ हजार डॉलरच्या वर गेली नाही. पुस्तकी हिशेबाने ही कारकीर्द अपयशी म्हणता येईल. परंतु ज्या हिरवळीवर त्यांच्या समाजाला केवळ दुसऱ्याची पिशवी वाहण्यासाठी प्रवेश होता, तिथे त्या स्वतःची पिशवी घेऊन खेळाडू म्हणून उतरल्या. हे विजेतेपदापेक्षा लहान नाही.

अखेरचा काळ हलाखीचा गेला. आजारपण आले, औषधाला पैसे उरले नाहीत. तेव्हा दुहेरीतील जुनी जोडीदार, इंग्लंडची ज्यू खेळाडू अँजेला बक्स्टन हिने जगभरातून मदत गोळा केली. ज्यू म्हणून तिलाही क्लबांनी दूर ठेवले होते. २८ सप्टेंबर २००३ रोजी अल्थिया गेल्या. अमेरिकन ओपनच्या मैदानावर त्यांचे शिल्प उभे राहिले ते २०१९ मध्ये आणि अमेरिकेच्या नाण्यावर त्या आल्या २०२५ मध्ये. जिवंतपणी औषध नाही, मेल्यावर नाणे!

या चरित्रातून आपण काय घ्यायचे? हार्लेमच्या शेजाऱ्यांची ती वर्गणी. अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगणावर पहाटे धावणाऱ्या पोरींमध्ये आपल्या वस्तीतल्याही असतात. बूट फाटलेले असतात, दुधाची चणचण असते, बारावीनंतर लग्नाची घाई असते. जयंतीला आपण मनापासून वर्गणी देतो. त्यातला एक हिस्सा दरवर्षी वस्तीतल्या एका मुलीच्या बुटांसाठी, प्रवासासाठी आणि पुस्तकांसाठी बाजूला निघाला, तर कोणत्याही मंडळाचा मंडप लहान होणार नाही. आणि ती पोरगी हरली तरी पदवीधर होऊन परत येईल, एवढी व्यवस्था त्या दोन डॉक्टरांप्रमाणे आपल्यातल्या शिकलेल्यांनी करावी. क्लबचे दार कुणी उघडेल तेव्हा उघडेल. दारापर्यंतचा रस्ता मात्र वस्तीनेच बांधायचा असतो.