थोरले माधवराव पेशवे आणि आतड्याचा क्षय

सोनारी-परांड्याकडचे रुग्ण टेंभुर्णीमार्गे पुण्याला तपासणीसाठी जातात, तेव्हा पुण्याच्या अलीकडे थेऊरचा फाटा लागतो. चिंतामणीच्या या गावी १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे वारले. वय अवघे २७.

त्यांचा जन्म १७४५ चा, सावनूरचा. पानिपतचा पराभव आणि वडील नानासाहेबांचा मृत्यू यांनंतर १७६१ मध्ये, सोळाव्या वर्षी ते पेशवे झाले. चुलते रघुनाथरावांशी कलह चालू असतानाच १७६३ मध्ये राक्षसभुवनला त्यांनी निजामाला हरवले. रामशास्त्री प्रभुण्यांच्या न्यायाला पाठबळ दिले, हैदरअलीवर मोहिमा काढल्या. १७७० च्या कर्नाटक मोहिमेतून मात्र आजारपणामुळे त्यांना परतावे लागले. फौज त्रिंबकराव पेठ्यांकडे सोपवावी लागली.

आजार होता राजयक्ष्मा, म्हणजे क्षय. तो आतड्यांत उतरला होता, असे सांगितले जाते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधला १८८२ मध्ये, माधवरावांनंतर ११० वर्षांनी. गुणकारी औषधे त्याहून कितीतरी उशिरा आली.

आज आतड्याचा क्षय औषधांनी बरा होतो. अडचण आहे ती निदानाची. क्रोन्स हा आतड्याचा दीर्घकालीन दाह अगदी क्षयासारखाच दिसतो: पोटात कळा, जुलाब, ताप, वजन घटणे. दुर्बिणीतून दिसणाऱ्या जखमाही सारख्याच. पाश्चात्त्य देशांत क्षय विरळ, म्हणून तिथे हा पेच कमी पडतो. भारतात क्षय आजही मोठ्या प्रमाणावर आहे आणि क्रोन्सचे रुग्णही वाढत आहेत.

दोन्हींचे उपचार वेगळे. क्षय असताना स्टेरॉइड दिले तर तो पसरू शकतो. क्रोन्स असताना नुसती क्षयाची औषधे चालू राहिली तर आतडे अरुंद होऊन शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

कोलोनोस्कोपी, बायॉप्सी आणि स्कॅन यांनंतरही निर्णय होत नसेल, तर डॉक्टर आधी क्षयाची औषधे देतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते पाहतात. बरे वाटू लागले तरी ही दुसरी तपासणी टाळू नका. क्रोन्समध्येही काही काळ बरे वाटू शकते, आतल्या जखमा मात्र तशाच राहतात. औषधे मनाने बंद करू नका आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत ठेवा.