तुरुंगातील मुलांचे मित्र : संत जॉन बॉस्को



३१ जानेवारीला आपण संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करतो. शाळांमुळे डॉन बॉस्को हे नाव आपल्या घरोघरी पोहोचले आहे. परंतु त्यांच्या कार्याचे बीज पडले ते तुरुंगात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

जॉन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या वस्तीत, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. आई मार्गारेटने कष्टाने मुलांना वाढवले. १८४१ साली जॉन यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यांचे मार्गदर्शक फादर जोसेफ काफासो त्यांना तुरीन शहरातील तुरुंगांत घेऊन जाऊ लागले.

तेथे १२ ते १८ वर्षांची मुले पाहून तरुण फादर हादरून गेले. मुले धडधाकट आणि हुशार होती. पण रिकामी बसलेली, किड्यांनी बेजार झालेली. काही मुले सुधारण्याचा निश्चय करून सुटत आणि थोड्याच दिवसांत परत येत. कारण बाहेर त्यांना आपले म्हणणारे कोणीच नव्हते. तुरुंगात जाण्याआधीच मुलांना मित्र मिळाला पाहिजे, हे फादरांनी ओळखले.

त्यांनी रविवारी मुलांना गोळा करून धर्मशिक्षण व खेळ सुरू केले. १८४६ साली वाल्दोक्को येथे एका पडवीत त्यांना हक्काची जागा मिळाली. आई मार्गारेटही मदतीला आली. पुढे फादरांनी मुलांना काम मिळवून दिले, मारहाण होऊ नये व रविवारची सुट्टी मिळावी म्हणून मालकांशी लेखी करार केले.

१८५५ साली तुरीनच्या बालसुधारगृहातील ३०० हून अधिक मुलांना ते पहारेकऱ्यांविना सहलीला घेऊन गेले आणि संध्याकाळी एकूण एक मुलगा परत आला, असे चरित्रकार सांगतात. शिक्षेच्या धाकाने नव्हे, तर समज, श्रद्धा व माया यांनी मूल घडते, हा त्यांचा विश्वास होता. ३१ जानेवारी १८८८ रोजी ते प्रभूघरी गेले. १९३४ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले.

आपल्या धर्मग्रामातील एखादा मुलगा सुधारगृहातून घरी आला, तर आपण त्याला दारात उभे करतो का? आपल्या मुलांना त्याच्यापासून दूर ठेवतो, की रविवारी मिस्सेला त्याच्यासाठी बाकावर जागा करतो? सणाच्या दिवशी आपण स्वतःला एवढेच विचारू या.