अब्राहम बुश्के
अब्राहम बुश्के (१८६८–१९४३) हे जर्मन त्वचारोगतज्ज्ञ होते. ग्राइफ्सवाल्ड येथे १८९४ साली एका स्त्रीच्या नडगीच्या हाडात किण्वासारखी बुरशी आढळली. विकृतिशास्त्रज्ञ ओट्टो बुस्से आणि बुश्के या दोघांनी तिचे वर्णन केले. क्रिप्टोकॉकस नावाची ही बुरशी श्वासावाटे फुप्फुसात शिरते आणि पुढे मेंदूच्या आवरणांना सूज आणते. क्षीण प्रतिकारशक्तीच्या रुग्णांना तिचा धोका अधिक; मात्र धडधाकट माणसेही तिला बळी पडतात, ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते व निदानास उशीर होतो. हा रोग पूर्वी बुस्से-बुश्के रोग म्हणून ओळखला जाई. पुढे बुश्के बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखो रुग्णालयात त्वचारोग विभागाचे प्रमुख झाले. ज्यू असल्याने नाझी राजवटीत त्यांना हे पद गमवावे लागले. उतारवयात त्यांची थेरेझिएनश्टाट येथील छळछावणीत रवानगी झाली. तेथेच त्यांचे निधन झाले.